ट्रायटनचं माहेर आणि सासर

तुळजापूरच्या घाटात एमएच २५ पाटीची ट्रायम्फ स्पीड ४०० दिसली, तर ती विलायतेहून आलेली नसते. बजाज ती २०२३ पासून चाकणला बनवतं. आणि २०२० मध्ये होसूरच्या टीव्हीएसने अख्खी नॉर्टन कंपनीच विकत घेतली. या दोन बातम्या शेजारी ठेवल्या आणि मला ट्रायटन आठवली. ट्रायम्फचं इंजिन, नॉर्टनची चासी. कुठल्याही कारखान्याने न काढलेली रेसची गाडी. आज तिचं माहेर आणि सासर दोन्ही भारताशी सोयरीक जोडून बसलंय.

आधी चासी. नॉर्टनची जुनी चासी रेसच्या धक्क्यांनी मोडायची. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसने, जो यंत्रकाम स्वतःच शिकलेला, रेनॉल्ड्स ५३१ पाइपांचे दोन अखंड वेढे घेतले. प्रत्येक वेढा इंजिनाच्या खालून-वरून फिरतो आणि त्याची दोन्ही टोकं हँडलच्या नळीपाशी एकमेकांना ओलांडतात. जोड ब्राँझ वेल्डिंगचे, मागे स्विंगआर्म आणि दोन शॉकॲब्सॉर्बर. कारखान्याच्या रेसगाड्यांच्या चासी त्याने हातानेच बांधल्या. १९५० च्या सीनियर टीटी या आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टनचे आले. नव्या चासीची चाचणी घेतल्यावर नॉर्टनचा रेसर हॅरॉल्ड डॅनिएल म्हणाला, पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं; तेव्हापासून ती ‘फेदरबेड’.

मग या गादीवर ट्रायम्फ कुणी बसवली? प्रचलित कथा लंडनच्या एस कॅफे या बाइकवाल्यांच्या अड्ड्यावरच्या पोरांची: नॉर्टन वळणावर पक्की, ट्रायम्फचं जोडसिलिंडर इंजिन पळायला चपळ आणि ट्यूनिंगला सोपं, म्हणून दोन्ही एकत्र. ऐकायला छान. पण दुसरी कथा मला जास्त पटते. पन्नाशीच्या दशकात ५०० सीसीच्या फॉर्म्युला ३ मोटारींना नॉर्टनच्या मँक्स या रेसगाडीचं इंजिन हवं असे आणि नॉर्टन नुसतं इंजिन विकत नसे. मोटारवाले अख्खी गाडी घेत, इंजिन काढत आणि चाकांसकट चासी गॅरेजात पडून राही. रिकामी चासी समोर असली की मेकॅनिकचा हात शिवशिवणारच.

विरोधक म्हणतील, मँक्स होत्याच किती? ट्रायटन तर ढिगाने बांधल्या गेल्या. आक्षेप रास्त आहे. बहुतेकांच्या अंगाखाली डॉमिनेटर या रस्त्यावरच्या नॉर्टनची चासी असते. माझं म्हणणं एवढंच: वाट मोटारवाल्यांनी मोकळी केली, गर्दी पोरांनी. १९६५ मध्ये डेव्ह डेगेन्स आणि रेक्स बुचर यांनी ट्रायटनवर बार्सिलोनाची चोवीस तासांची शर्यत मारली, तेव्हा या घरगुती जोडणीला हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली असावीत.

आपल्याकडे मात्र तिची पंचाईत आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी वीस हजार. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. ट्रायटनला मूळ रूप म्हणजे फेरफारच! म्हणून वाड्याच्या पडवीत आजोबांची ट्रायम्फ किंवा नॉर्टन गंजत असेल, तर ती जरूर दुरुस्त करा, पण तिचं इंजिन तिच्याच चासीत राहू द्या.