धक्क्यावरचा कंदील

समुद्राच्या पाण्यात फार लांबचं दिसत नाही. रात्री तर जवळचंही दिसत नाही. तरीही तिथले असंख्य जीव आपला जोडीदार नेमका शोधून काढतात. ते कसं जमतं, हे समजून घेण्यात माणसाची बरीच वर्षं गेली. त्या वाटेवर एक माणूस हातात कंदील घेऊन उभा दिसतो. त्यांचं नाव अर्नेस्ट एव्हरेट जस्ट.

जस्ट हे कृष्णवर्णीय अमेरिकन. १८८३ साली दक्षिणेतल्या चार्ल्सटन शहरात जन्मले. १९०७ साली डार्टमथ कॉलेजातून मानानं पदवीधर झाले आणि वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवू लागले. १९०९ पासून उन्हाळ्यात ते मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या वूड्स होल या गावी जाऊ लागले. तिथल्या सागरी प्रयोगशाळेचे संचालक फ्रँक लिली यांच्या हाताखाली त्यांनी काम सुरू केलं.

कामाचा विषय होता नेरिस नावाचा एक किडा, आपल्या गांडुळाचा समुद्रातला भाऊबंद. एरवी तो तळाच्या चिखलात दडून असतो. उन्हाळ्यातल्या ठरावीक रात्री मात्र तो वर येऊन पोहू लागतो. पौर्णिमेच्या सुमारास सुरुवात होते आणि अमावास्या उलटली की सगळं थांबतं. लिली आणि जस्ट यांनी रात्रीमागून रात्री कंदिलाच्या उजेडात हे पाहिलं. लालसर डोक्याकडचे, पांढऱ्या शेपटाकडचे चपळ नर मादीभोवती घिरट्या घालतात, बीज सोडतात. मादी अंडी सोडते आणि मरून जाते.

१९१३ साली दोघांनी मिळून निबंध लिहिला. त्यातली एक गोष्ट फार मोलाची होती. नराला मादी दिसायलाच हवी असं नाही. मादी ज्या पाण्यात राहिली, ते नुसतं पाणीही त्याला पुरतं. म्हणजे तिच्या अंगातून काहीतरी पाण्यात उतरत होतं. ते काय, हे सांगण्याचं रसायनशास्त्र तेव्हा हाताशी नव्हतं. अशा द्रव्यांना ‘फेरोमोन’ हे नावसुद्धा मिळालं ते १९५९ साली.

पुढे इतर जीवांतही हेच दिसलं. १९६६ साली रायन या संशोधकानं पाठीवर तीन ठिपके असलेल्या खेकड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा खेकडा आपल्या कोकण किनाऱ्यावरही जाळ्यात येतो. कात टाकायला आलेल्या मादीचं पाणी नराच्या टाकीत घातलं की तो पायांच्या टोकांवर उभा राहून प्रणयाचा पवित्रा घेई. मादीच्या मूत्राची छिद्रं बुजवली की त्या पाण्याचा परिणाम नाहीसा होई. निरोप कुठून निघतो, ते कळलं. कात टाकल्यावर मादीचं कवच थोडाच काळ मऊ असतं आणि मीलन तेव्हाच होतं. म्हणून निरोप वेळेआधी पोचावा लागतो.

जस्ट यांच्या वाट्याला मात्र निराळा समुद्र आला. १९१६ साली शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली, अंड्यांवरच्या त्यांच्या कामाची युरोपात वाहवा झाली. पण गोऱ्यांच्या एकाही अमेरिकन विद्यापीठानं त्यांना प्राध्यापकपद दिलं नाही. १९२९ साली ते नेपल्सच्या सागरी प्रयोगशाळेत गेले, पुढच्या वर्षी बर्लिनला, नंतर फ्रान्समध्ये. तिथे त्यांना बरोबरीची वागणूक मिळाली. १९४० साली जर्मन फौजा फ्रान्समध्ये शिरल्या, तेव्हा त्यांना काही काळ अटकेत राहावं लागलं. सुटून ते मायदेशी परतले आणि १९४१ साली कर्करोगानं वारले. वय ५८.

१९९६ साली अमेरिकेनं त्यांच्या चित्राचं टपाल तिकीट काढलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९८ साली, जर्मनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी नेरिसच्या मादीचं ते द्रव्य वेगळं करून ओळखलं. सिस्टीन आणि ग्लुटाथायोन हे दोन रेणू गंधकाच्या दुव्यानं जोडलेले असतात, ते हे द्रव्य. कंदिलाच्या उजेडात जे नुसतं जाणवलं होतं, त्याला नाव मिळायला पंच्याऐंशी वर्षं लागली. किड्याचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. त्याला तो निरोप पहिल्यापासूनच कळत होता.