पारावर कोण बसलं होतं?

"पीएचडीचा विषय काय?" असं कुणी विचारलं आणि मी "मराठवाड्यातल्या राजकीय गप्पा" असं सांगितलं, की समोरचा आधी हसतो. मग म्हणतो, "त्याला पीएचडी कशाला लागते? आमच्या फुलंब्रीत या, फुकट ऐका." खरं आहे. फुलंब्रीच्या कुठल्याही चहाच्या हॉटेलात अर्धा तास बसलं की मक्याचा आणि अद्रकीचा भाव, पाऊस, आरक्षण, अमेरिकेचा अध्यक्ष, सगळं निघतं. हरिभाऊ बागडे इथले माजी आमदार. 2014 ते 2019 विधानसभेचे अध्यक्ष होते, 2024 मध्ये राजस्थानचे राज्यपाल झाले. पण गप्पांत ते अजून "नाना"च. कुणी जिल्ह्याच्या गावाला "संभाजीनगर" म्हणतं, कुणी "औरंगाबाद", कुणी दोन्ही टाळून नुसतं "शहरात" म्हणतं. त्या एका शब्दावरून बोलणाऱ्याचं मत बाकीच्यांना कळतं, आणि बोलणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

तर माझा प्रश्न असा आहे: या बोलण्याला इतिहास आहे का? आणि असेल तर तो शोधायचा कुठं?

आधी थोडी पार्श्वभूमी. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा सगळा भाग हैदराबाद संस्थानात होता. जुनी माणसं त्याला "मोगलाई" म्हणायची. सरकारी भाषा 1880 च्या दशकापासून उर्दू. शेतकरी मराठी बोलणारा, आणि त्याच्या जमिनीचा कागद त्याला न येणाऱ्या भाषेत. 1931 च्या जनगणनेच्या सुमारास संस्थानात शंभरातल्या दहा लोकांनाही वाचता येत नव्हतं. त्यामुळे गावात ज्याला वाचता येई तो माणूस महत्त्वाचा. तो कागद वाचायचा, अर्थ सांगायचा, आणि आपलं मतही त्यात मिसळायचा. ऐकणारे शंका काढायचे. बातमी आणि मत वेगळं करणारी रेघ तिथं नव्हतीच.

त्यात 1920 च्या दशकात एक हुकूम आला, "गश्ती निशाण 53". गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. या हुकमाने सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढणं बंधनकारक झालं. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन 1937 मध्ये परतूरला भरलं. स्टेट काँग्रेसवर तर 1938 मध्ये ती नीट स्थापन होण्याआधीच बंदी आली. आ. कृ. वाघमाऱ्यांनी निजामाच्या हद्दीबाहेर, पुण्यातून, "मराठवाडा" हे साप्ताहिक काढलं. त्याला संस्थानात बंदी झाली. मग त्यांनी नाव बदलून तेच काढलं. त्या नावावर बंदी आली की पुढचं नाव. सरकार नावावर बंदी घालत होतं, मजकूर तोच येत होता.

आता विचार करा. सभेला परवानगी हवी, पक्षाला बंदी, वर्तमानपत्राला बंदी. मग लोकांचं मत तयार कुठं होणार? पारावर, आठवडी बाजारात, कीर्तनात, गणेशोत्सवात, वाचनालयात. वडोद बाजार या गावाच्या नावातच बाजार आहे. फुलंब्री तर सिल्लोड आणि अजिंठ्यावरून जळगावला जाणाऱ्या रस्त्यावर. जळगाव म्हणजे खानदेश, म्हणजे इंग्रजी मुलूख. अशा रस्त्यावरून फक्त माल जातो असं कधी होत नाही.

अडचण अशी की पारावर काय बोललं गेलं ते कुणी लिहून ठेवलं नाही. दप्तरात साधं बोलणं येतं ते फक्त सरकारला त्याची भीती वाटली तर. कुणी "आक्षेपार्ह" बोलला, कुणी "अफवा" पसरवली, अशा नोंदी मिळतात. रणजित गुहा यांनी शेतकरी बंडांवरच्या 1983 च्या पुस्तकात हाच मुद्दा धरला होता. ज्याला सरकार अफवा म्हणतं ते न वाचणाऱ्या समाजाचं संपर्काचं साधन असतं, आणि त्याला कर्ता नसतो म्हणून ते थांबवता येत नाही.

इथं मला आफ्रिकेवरच्या संशोधनाचा उपयोग झाला. स्टीफन एलिस यांनी 1989 मध्ये एक लेख लिहिला होता "पेव्हमेंट रेडिओ"वर, म्हणजे फुटपाथवरच्या रेडिओवर. सरकारी रेडिओ जे सांगत नाही ते रस्त्यावर लोक एकमेकांना सांगतात, आणि राज्यकर्त्यांची लायकी तिथं ठरते. नायजेरियात तर याचं एक गमतीदार रूप आहे. पेपरच्या स्टॉलभोवती लोक उभे राहतात, पेपर विकत न घेता मथळे वाचतात आणि तिथंच वाद घालतात. त्यांना थट्टेने "फ्री रीडर्स असोसिएशन" म्हणतात, फुकट वाचणाऱ्यांची संघटना! लष्करी राजवटी आल्या, गेल्या, ही संघटना चालू राहिली. त्या देशात शेकडो भाषा आहेत, म्हणून अशा ठिकाणी अनेकदा पिजिन चालते, कुणाचीच पूर्ण नसलेली आणि सगळ्यांना येणारी. आपल्याकडे ते काम दखनीने केलं. दखनीतला "नक्को" मराठीतून गेला, आणि इकडच्या मराठीत "खबर", "फर्मान", "मामला" सहज बसले. भाषा अशा मिसळतात तेव्हा एवढं नक्की कळतं, की लोक एकमेकांशी बोलत होते.

इथपर्यंत गोष्ट छान वाटते. दडपशाही होती, लोक गप्पांतून जागे झाले. पण ती इथं थांबवली तर अर्धीच राहते.

1948 च्या आधी रझाकारांनी गावागावांत अत्याचार केले. पोलीस कारवाईनंतर अनेक ठिकाणी सूड उगवला गेला, आणि तो ज्यांनी काहीच केलं नव्हतं अशा मुसलमान कुटुंबांवर. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज 27,000 ते 40,000 दिला. तो अहवाल कित्येक दशकं प्रसिद्धच झाला नाही. पुढे 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 ला, म्हणजे साडेपंधरा वर्षांनी.

दोन्ही वेळी "ते लोक काय करणार आहेत" याच्या बातम्या तोंडोतोंडीच फिरल्या. म्हणजे ज्या वाटेने निजामाविरुद्धचं मत गावोगाव पोचलं, त्याच वाटेने हेही पोचलं. मग फरक कशात होता?

माझं उत्तर असं: पारावर कोण बसलं होतं त्यात. निजामावरची थट्टा वर सत्तेकडे जात होती. तिला उत्तर द्यायला हाताशी पोलीस होते, दप्तर होतं, बंदी होती. पण दलितांबद्दल बोललं जात होतं तेव्हा दलित पारावर नव्हते, त्यांना तिथं बसूच दिलं जात नव्हतं. 1948 मध्ये मुसलमान शेजारी एकतर गाव सोडून गेला होता किंवा भीतीने घरात होता. बायका तर कुठल्याच वेळी तिथं नव्हत्या. ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तो समोर असला, की "अरे, असं काही नाही" म्हणणारा एक तरी आवाज असतो. तो नसला की गप्पेला कुणी अडवत नाही. थट्टा धोकादायक कधी होते हे मला विनोद किती कडू होता यावरून कळत नाही. रिकाम्या जागा कुणाच्या होत्या यावरून कळतं.

हे आजलाही लागू आहे. मार्च 2023 अखेरीस फुलंब्री तालुक्यातल्या गेवराई पायगाच्या सरपंचांनी विहिरींच्या मंजुरीसाठी लाच मागितली जाते असा आरोप करत पंचायत समितीसमोर नोटा उधळल्या. व्हिडिओ राज्यभर फिरला, त्यावर लोकांनी भरपूर मतं दिली. हे बोलणं वर, कार्यालयाकडे जाणारं होतं. पण त्याच मोबाईलवर, त्याच ग्रुपमध्ये, एखाद्या जातीबद्दल किंवा धर्माबद्दल मेसेज येतो तेव्हा ग्रुपचे सदस्य कोण आहेत ते एकदा बघा.

माझं पुढचं काम मुलाखतींचं आहे. 1948 स्वतः आठवणारी माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत, तेव्हा वेळ थोडा आहे. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्यांना दोन गोष्टी विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. निजाम गेल्याची बातमी पहिल्यांदा कुठं ऐकली? आणि त्या वेळी तिथं कोण कोण नव्हतं?