मनाचे दुखणे : काल आणि आज

मंडळाच्या स्मरणिकेसाठी दरवर्षी मी पापड-कुरडयांचे प्रमाण लिहून देते. यंदा अध्यक्षाबाई म्हणाल्या, "ते पुरे झाले, आता तुमच्या दुखण्याविषयी लिहा." मी सातवी शिकलेली बाई, इतिहास लिहिणे हे माझे काम नव्हे. परंतु ज्या दुखण्याने माझी दोन वर्षे खाल्ली, त्याला पूर्वी लोक काय म्हणत आणि त्यावर काय करीत, हे मी मुलीच्या मदतीने वाचून काढले. ते आपणा सर्वांना कळावे म्हणून हे चार शब्द.

माझ्या माहेरी, दारव्ह्याकडे, एक चुलत आजी होती. ती रागावली की भांडी अंगणात फेकी. लोक म्हणत, "बाईला बाहेरची बाधा आहे." तिला अमावस्येला एका बुवाकडे नेत. तिला रात्रीची झोप नाही, दोन लेकरे गेल्यापासून ती धड जेवली नाही, याची चौकशी कोणी केली नाही. पुढे बुवा बंद झाला आणि ती "तापट" ठरली. नाव बदलले, पण उपाय झाला नाही.

त्यात घरच्यांचा सगळा दोष होता असेही नाही. आपल्या विदर्भात मनोरुग्णांसाठी मोठे इस्पितळ म्हणजे नागपूरचे, आणि ते १८६४ सालचे. १९१२ च्या इंग्रजी कायद्याने रुग्णाला तेथे ठेवायचे तर बहुधा न्यायाधीशाचा हुकूम लागे. दुखण्यासाठी कचेरीची पायरी चढायची म्हटल्यावर कोणते घर आपल्या सुनेचे नाव बाहेर काढील? म्हणून लोक लपवीत. लपवलेले दुखणे वाढतच जाते.

औषधांचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वैद्यांना फार दिवसांपासून ठाऊक होती. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उपयोग मनोविकारावर व रक्तदाबावर होतो असे लिहून प्रसिद्ध केले. पुढे १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमॅझिन हे औषध रुग्णांना देण्यात आले. अशी औषधे निघाल्यावर पुष्कळ रुग्णांना घरी राहून बरे होता येईल, हा विचार बळावला. आपल्या सरकारने १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा आला, तो १९९३ पासून अमलात आला. तरी खेड्यातल्या बाईपर्यंत काही पोचायला आणखी किती वर्षे लागली, ते आता माझ्यावरूनच सांगते.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आपल्या जिल्ह्यातली पऱ्हाटी खाल्ली, हे तुम्ही विसरला नसाल. आमच्याही शेताचे तेच झाले. कर्ज डोक्यावर आले. घरातले पुरुष गप्प झाले आणि मी मात्र बोलू लागले, तेही ओरडूनच. भाकरी करपली तरी ओरडे, कोणी पाणी मागितले तरी ओरडे. रात्री तीनला डोळा उघडे तो मिटत नसे. सासूबाई म्हणत, "सून फार माजली." मलाही तेच खरे वाटे आणि स्वतःची किळस येई.

एके दिवशी दूध उतू गेले, म्हणून मी दहा वर्षांच्या लेकीला उलथन्याने मारले. हातावर वळ उठला. ती रडली नाही. तिने धाकट्या भावाला आपल्या पाठीमागे ओढून घेतले. माझ्यापासून माझेच लेकरू वाचवीत होती ती. भगिनींनो, त्या दिवशी मला समजले की हा स्वभाव नव्हे.

माझ्या जाऊबाईंनी आशाताईंच्या कानावर घातले. शेतकरी कुटुंबांच्या मनाची विचारपूस करणारा 'प्रेरणा प्रकल्प' सरकारने २०१५ च्या सुमारास १४ जिल्ह्यांत सुरू केला, त्यात आपला यवतमाळही होता. आशाताईंनी झोप, भूक, जीव नकोसा वाटणे असे साधे प्रश्न विचारले. मग यवतमाळला गेलो. डॉक्टरांनी आधी रक्त व थायरॉइड तपासले, कारण त्यानेही चिडचिड होते. मग म्हणाले, "ताई, उदासी दर वेळी रडूनच येत नाही, कधी रागाचे रूप घेऊन येते." गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, हेही बजावले.

पण नुसत्या गोळ्यांनी भागले नसते. राग चढू लागला की मी म्हणायला शिकले, "आत्ता नको, घटकाभराने बोलू," आणि मुलांना शेजारच्या काकूंकडे पाठवू लागले. काकूंनी कधी कारण विचारले नाही. आपल्या मंडळातल्या दोघी दर गुरुवारी तूर निवडायला माझ्या ओसरीवर येत. "मन रमव" असा उपदेश कोणी केला नाही. मी बोलले तर ऐकत, नाही बोलले तर तूर निवडीत. आमचे हे पहिल्यांदा औषधाच्या पैशांवरून कुरकुरले, पण पुढे स्वतःच गोळीची वेळ सांगू लागले.

शेजाराचा उपयोग किती होतो, त्याचा दाखला जवळच आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघर ही माहिती दिली. आधी उदासीच्या दर शंभर रुग्णांत चारच मदत मागत. दीड वर्षाने सत्तावीस मागू लागले.

आता २०१७ चा नवा कायदा आहे. त्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आणि सरकारी उपचार मिळणे हा हक्क ठरवला. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन आहे. त्याला पैसे पडत नाहीत. माझ्या आजीच्या वेळी यातले काहीच नव्हते. आता आहे, तर ते शेजारणीला सांगणे आपले काम.

आपल्या गल्लीत एखादी "तापट" असेल, तर तिची निंदा करण्याआधी तिला विचारा, "बाई, रात्री झोप लागते का?" एवढेच विचारा आणि थोडा वेळ बसा.

उलथन्याची गोष्ट छापावी की नाही, हे मी लेकीला विचारले. ती आता कॉलेजात जाते. ती म्हणाली, "लिही आई, पण तू बरी झालीस हेही लिही." म्हणून लिहिते : मी बरी आहे. अजून चिडते, पण आता लेकरे माझ्याजवळच बसून असतात.