दोन महिन्यांचं मैदान



आज आपण एका खेळाचा इतिहास ऐकणार आहोत. खेळाचं नाव आइस हॉकी. तो बर्फावर खेळतात आणि आपल्याकडे बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर, नाहीतर मासळीच्या पेटीत. मग हे आपण कशाला ऐकायचं, असं कुणी विचारेल. आम्ही समन्वयक बायकांनी हा विषय घेतला, कारण लडाखच्या मुलींना हा खेळ कसा मिळाला हे वाचताना आम्हाला आपल्या गावांतली शाळेची मैदानं आठवत राहिली. गावाची एखादी गोष्ट सगळ्यांची असते, पण असते थोडीच. मग ती आधी कुणाला मिळते? आणि मुलींचा नंबर कधी लागतो? लडाखमधल्या आइस हॉकीच्या इतिहासात हे दोन प्रश्न पहिल्यापासून आहेत.

आधी खेळ समजून घेऊ. शाळेतली हॉकी आपल्याला माहीत आहे. आइस हॉकीतही हातात काठी असते आणि समोर गोल असतो. पण खेळाडूंच्या बुटाखाली पोलादी पातं असतं आणि त्यावर त्या घसरत पळतात. चेंडूऐवजी कडक रबराची जाड चकती असते, तिला पक म्हणतात. गोलरक्षक धरून एका संघाच्या सहा जणी एका वेळी बर्फावर असतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. वेग फार असतो, त्यामुळे डोक्यापासून नडगीपर्यंत संरक्षक साहित्य लागतं. बूट, काठी, शिरस्त्राण, हातमोजे, सगळंच महाग असतं आणि बहुतेक बाहेरच्या देशांतून येतं.

आता लडाख. आधी हा जम्मू-काश्मीरचा भाग होता, २०१९ पासून वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला. २०११ च्या जनगणनेत सगळ्या लडाखची लोकसंख्या सुमारे २ लाख ७४ हजार होती. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्यातही एवढी माणसं असतात. लेह हे मुख्य गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथं वर्षाला पाऊस पडतो साधारण १०० मिलिमीटर. आपल्या माण-आटपाडीकडे याच्या कितीतरी पट पडतो, तरी आपण त्याला दुष्काळी भाग म्हणतो. शेती चालते ती डोंगरावरचं बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर. हे पाणी कुणाच्या शेताला कधी द्यायचं, हे ठरवणारा माणूस गावानं नेमलेला असतो. त्याला छुर्पोन म्हणतात. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत पाटकरी असतो, तसाच हा. पाणी थोडं असलं की पाळी ठरवावी लागते, हे तिथल्या लोकांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे.

हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. शेतीची कामं थांबतात. शाळांना मोठी सुट्टी लागते. बाहेर जाणाऱ्या घाटांवर बर्फ साचतं. गावातली तळी गोठतात आणि तेच मुलांचं मैदान होतं. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे जेमतेम दोन महिने. एवढाच त्यांचा हंगाम.

हे मैदान आपोआप तयार होत नाही. रात्री थंडी वाढली की गोठलेल्या थरावर पाणी सोडतात. तो थर घट्ट झाला की दुसऱ्या रात्री पुन्हा पाणी. आपण सारवण करतो ना, एकावर एक हात, तसंच हे काम. हिमवर्षाव झाला की फावड्यानं बर्फ बाजूला सारायचं, झाडायचं, भेगा बुजवायच्या. दुपारचं ऊन लागलं की वरचा थर मऊ होतो आणि त्यावर नीट खेळता येत नाही. म्हणजे दोन महिन्यांतल्या प्रत्येक दिवसाचेसुद्धा थोडेच तास चांगले असतात.

हा खेळ लडाखमध्ये रुजला तो लष्करामुळे. १९७० च्या दशकात तिथले जवान गोठलेल्या तळ्यांवर हॉकी खेळू लागले. स्थानिक तरुणांनी ती पाहिली आणि उचलली. साहित्य नव्हतं. मग लष्करी बुटांना खालून लोखंडी पाती बसवली, साध्या काठ्या घेतल्या, पक हाताशी सापडेल त्याचा केला. लेहमधलं करझू तळं खेळाचं ठिकाण बनलं. १९८९ मध्ये भारतीय आइस हॉकी संघटना जागतिक संघटनेची सदस्य झाली. राष्ट्रीय स्पर्धा होऊ लागल्या, त्याही लेहसारख्या थंड ठिकाणच्या नैसर्गिक बर्फावर.

या सगळ्या वर्षांत बर्फावर होते ते जवान, तरुण पुरुष आणि त्यांच्यामागं लहान मुलगे. मुली कडेला उभ्या राहून बघत. मुलींनी खेळू नये असा काही लिहिलेला नियम नव्हता. पण चांगल्या तासांना पुरुषांचे सराव आणि सामने असत. मुलींसाठी उरायची भल्या पहाटेची किंवा अंधार पडल्यानंतरची वेळ. बूट भावाचे, तेही मोठे, म्हणून आत मोजे कोंबून घालायचे. घरातून बोलणी असायची, लागलं-बिगलं तर काय करशील? आणि हिवाळ्यात शेतीची कामं थांबली तरी पाणी आणणं, जनावरं, स्वयंपाक थांबत नाही. सुट्टी मुलाला जेवढी मिळते तेवढी मुलीला मिळत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

बदल सुरू झाला तो शाळा-कॉलेजच्या मुलींपासून. लेहजवळ फे गावात सेकमॉल नावाची संस्था आहे. लडाखच्या तरुणांनी १९८८ मध्ये शिक्षणासाठी ती सुरू केली. तिच्या आवारात मुलं-मुली मिळून हिवाळ्यात बर्फाचं मैदान बनवत आणि मुलींनाही तिथं खेळायला मिळे. मैदान आपण बनवलेलं, त्यामुळे ते कुणाकडून मागून घ्यावं लागत नव्हतं. पुढं देशाकडून खेळलेल्या काही मुली तिथूनच आल्या. हळूहळू लेहच्या स्पर्धांत मुलींचे संघ दिसू लागले आणि राष्ट्रीय स्पर्धेत मुलींचा वेगळा गट आला.

२०१६ मध्ये भारताचा महिला संघ पहिल्यांदा परदेशी स्पर्धेला गेला. आशियाई चॅलेंज कप, ठिकाण तैवानमधलं तैपेई. वर्षातून दोन महिने तळ्यावर खेळलेल्या या मुली, समोर वर्षभर पक्क्या मैदानावर सराव करणारे संघ. आपल्या मुली सगळे सामने हरल्या. आपल्या देशात तेव्हा त्यांना सरावाला जागाच नव्हती. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी मोठं कृत्रिम मैदान बांधलेलं होतं, पण ते पुढं बरीच वर्षं बंद पडून होतं. गुडगावला एका मॉलमध्ये बर्फाचं मैदान होतं, ते सामन्याच्या मैदानापेक्षा खूपच लहान.

दुसऱ्या वर्षी पुन्हा स्पर्धा आली आणि पैशांचा प्रश्न उभा राहिला. विमानाचं भाडं, साहित्य, सराव. तेव्हा लोकवर्गणी काढली गेली. इंटरनेटवरून देशभरातल्या अनोळखी लोकांनी थोडे थोडे पैसे पाठवले. आपण महिन्याला शंभर-दोनशे टाकतो आणि त्यातून एखादीची शेळी येते, शिलाई मशीन येतं, त्याच चालीचं हे काम. त्या पैशांवर संघ मार्च २०१७ मध्ये बँकॉकला गेला. फिलिपिन्सविरुद्ध ४-३ असा सामना जिंकला. भारतीय महिला संघाचा हा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. पाठोपाठ मलेशियालाही हरवलं. एका वर्षापूर्वी सगळे सामने हरलेल्या याच मुली होत्या.

आम्हाला यातलं पुढचं पाऊल जास्त महत्त्वाचं वाटतं. विजय झाला, फोटो छापून आले, सत्कार झाले. आपल्याकडे बऱ्याचदा गोष्ट इथं संपते. या मुलींनी तशी ती संपू दिली नाही. लडाख विमेन आइस हॉकी फाउंडेशन नावाची स्वतःची संस्था त्यांनी चालवली. संघाची गोलरक्षक नूर जहाँ ही तिच्यातली एक. ती जुन्या थांका चित्रांचं आणि भित्तिचित्रांचं जतन करण्याचं काम करते, म्हणजे पोटापाण्याचा वेगळा व्यवसाय सांभाळून हे सगळं. संस्थेनं खेड्यांत जाऊन शिबिरं घ्यायला सुरुवात केली. लहान मुलींना बर्फावर उभं राहायला शिकवायचं, मापाचे बूट द्यायचे, खेळवायचं. मुली दरवर्षी नव्यानं येत राहिल्या तरच पुढच्या हिवाळ्यातही मैदानावर त्यांची जागा राहील, हे त्यांना कळलेलं होतं.

जानेवारी २०१८ मध्ये कॅनडाची हेली विकनहायझर लेहला आली. ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं जिंकलेली ही बाई. तिनं सोबत खेळाचं साहित्य आणलं आणि मुलींना शिकवलं. तिची स्वतःची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. कॅनडात आइस हॉकी घराघरांत खेळतात, पण ती लहान असताना तिच्या छोट्या गावात मुलींचा संघ नव्हता. ती मुलांच्या संघात खेळली. महिलांची आइस हॉकी ऑलिंपिकमध्ये आली ती १९९८ मध्ये. पुरुषांची तर १९२० पासून होती. म्हणजे जिथं बर्फाला तोटा नाही त्या देशांतही बायकांना वाट बघावीच लागली. वाटणी सुधारायला बर्फ वाढणं पुरत नाही, मागणाऱ्याही असाव्या लागतात.

त्यानंतर लडाखमध्ये चित्र बदलत गेलं. भारत-तिबेट सीमा पोलीस दलानं महिलांचा आइस हॉकी संघ उभा केला. खेळामुळे मुलींना नोकरी मिळू शकते हे घरच्यांना दिसलं आणि ‘खेळून काय मिळणार’ या प्रश्नाला उत्तर मिळालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा एक टप्पा लेहला झाला, त्यात मुलींची आइस हॉकीही होती. आपल्याच गावात, आपल्याच लोकांसमोर, दिवसाउजेडी खेळायला मिळालं.

आणि २०२५ च्या जून महिन्यात भारतीय महिला संघानं आशिया कप स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. स्पर्धा होती संयुक्त अरब अमिरातीत, अल ऐन या वाळवंटातल्या शहरात. कर्णधार होती लडाखची त्सेवांग चुस्कित. संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या आणि हिमाचलच्या डोंगराळ भागातल्या. तैपेईच्या पराभवांना तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

आता एक काळजीची गोष्ट. तिथले हिवाळे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. बर्फ उशिरा धरतं आणि लवकर सुटतं. दोन महिन्यांचा हंगाम आणखी आखडतो आहे. आणि मैत्रिणींनो, कोणतीही वस्तू कमी झाली की आधी कुणाचा वाटा कापला जातो, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. विहिरीचं पाणी आटलं की लांबून हंडा आणायला कोण जातं? घरात पैसा कमी पडला की कुणाची फी आधी थांबते? म्हणून लडाखच्या मुलींनी मिळवलेली वेळ त्यांना आता दरवर्षी राखावी लागणार आहे. संस्था आहे, गावागावांत तयार झालेल्या मुली आहेत, त्यामुळे बोलायला तोंडं पुष्कळ आहेत. एकटी मुलगी असती तर तिला कुणीही कडेला उभं केलं असतं.

आपल्या गावात बर्फ नाही, पण मैदान आहे. शाळेचं असेल, देवळापुढचं असेल, नाहीतर ग्रामपंचायतीची मोकळी जागा असेल. आणि आपल्याकडे हंगाम बारा महिन्यांचा आहे. तरी त्यावर मुली किती दिसतात? पाचवी-सहावीपर्यंत खो-खो, कबड्डी खेळणाऱ्या मुली आठवीनंतर कुठं जातात? हे आम्ही कुणाला दोष द्यायला विचारत नाही. आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत यावर बोलावं, एवढीच विनंती आहे.

बैठकीत चार गोष्टी करता येतील. एक, आठवडाभर बघून लिहून काढा की मैदान कोणत्या वेळी कुणाच्या ताब्यात असतं. दोन, गावातल्या मुलींनाच विचारा की त्यांना कोणती वेळ हवी आणि कशामुळे येता येत नाही. कपडे बदलायला जागा नाही, दिवे नाहीत, घरी काम आहे, जे असेल ते त्यांच्या तोंडून ऐका. तीन, ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथं हा विषय मांडा आणि मुलींसाठी ठरावीक वेळ राखून ठेवण्याचा ठराव घ्या. ठराव नुसता बोलून सोडू नका, इतिवृत्तात लिहून घ्या. चार, मैदान झाडायला, आखायला गटातल्या दोघी-चौघी मुलींसोबत उभ्या राहा. पहिले काही दिवस तरी राहाच. आईबाया मैदानावर दिसल्या की घरच्यांची निम्मी काळजी कमी होते.

मैदानाची पाळी ठरवायला आपल्याकडे पाटकरी नाही, छुर्पोनही नाही. ती आपल्यालाच ठरवावी लागेल. बैठकीत काय बोलणं झालं ते आम्हाला जरूर कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू.