पुस्तकबांधणी : एका हस्तव्यवसायाचा आणि त्याच्या शिक्षणाचा इतिहास

पुस्तकाचा इतिहास सांगणारे लोक बहुधा लेखकापासून सुरुवात करतात, छापखान्यापर्यंत येतात आणि तेथेच थांबतात. परंतु छापलेला कागद म्हणजे पुस्तक नव्हे. छापखान्यातून बाहेर पडतात ते मोठाले ताव. त्यांच्या घड्या घालाव्या लागतात, घड्यांचे फर्मे क्रमाने लावावे लागतात, ते शिवावे लागतात, त्यांना पुठ्ठे चढवावे लागतात. तेव्हा कोठे वाचकाच्या हाती पुस्तक पडते. पुस्तकावर लेखकाचे नाव असते, प्रकाशकाचे असते, मुद्रकाचेही असते. बांधणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच आढळते. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले आणि नाव नसलेल्या हातांशीच आमचा रोजचा संबंध आला. तेव्हा या कारागिरांकडे आमचे लक्ष वेधले गेले यात नवल नाही.

आपल्याकडील पोथी शिवलेली नसे. तिची पाने सुटी असत. वरखाली दोन फळ्या ठेवून ती रुमालात बांधून ठेवीत. शिवलेल्या पाठीचे पुस्तक आपल्याकडे बव्हंशी इराणी वळणाच्या जिल्दसाजांमुळे आणि पुढे युरोपियनांच्या छापखान्यांमुळे रुळले. ही कला कशी टिकली, कोणी शिकविली आणि कोणास शिकविली नाही, हा प्रश्न मात्र आम्ही लंडन शहराच्या आधाराने मांडणार आहोत. कारण तेथील बांधणी कामगारांनी अठराव्या शतकातच आपल्या संघटना उभारल्या, आणि त्यांच्या झगड्यांतून या धंद्याची कहाणी बरीचशी उलगडते.

प्रथम काम कसे चाले ते पाहू. ताव घडी करून हाडाच्या पट्टीने दाबीत. मग त्या फर्म्यांचे गठ्ठे दगडावर ठेवून वजनदार हातोड्याने ठोकीत, म्हणजे कागद सपाट होऊन घट्ट बसे. लाकडी चौकटीत सुतळीचे दोर उभे ताणलेले असत. एकेक फर्मा त्यांना लावून सुईदोऱ्याने शिवीत. पाठीला सरस लावून ती हातोडीने गोलसर करीत. दोरांची टोके पुठ्ठ्यांतून ओवून पक्की करीत, म्हणजे पुठ्ठा आणि पाने यांचा जीव एक होई. त्यावर कातडे चढवीत आणि शेवटी तापविलेल्या पितळी ठशांनी सोन्याचा वर्ख उमटवीत. यांपैकी एक पायरी कच्ची राहिली तर पुढची सारी मेहनत फुकट जाते. चांगली शिवण बाहेरून दिसत नाही. वाईट शिवण मात्र दहा वर्षांनी पान गळू लागले की दिसते.

हे काम शिकण्याचा मार्ग म्हणजे सात वर्षांची उमेदवारी. इंग्लंडात १५६३ च्या कायद्याने तिला सक्तीचे स्वरूप दिले होते आणि ती सक्ती १८१४ मध्ये रद्द झाली. मुलगा मालकाच्या घरी राही, पडेल ते काम करी आणि पाहून पाहून शिके. उमेदवारीचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. पुष्कळ मुलांच्या वाट्याला त्यात झाडू आणि मार एवढेच आले. परंतु मालक भला असेल तर काय होऊ शके, याचे एक उदाहरण सर्व जगास ठाऊक व्हावे असे आहे.

मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. १८०५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरील जॉर्ज रीबो या पुस्तकविक्रेत्या बांधणीकाराकडे उमेदवार राहिला. बांधण्यासाठी आलेली पुस्तके तो वाची आणि मालक त्याला वाचू देई. विश्वकोशातील विजेवरील लेख आणि जेन मार्सेट या बाईंचे रसायनशास्त्रावरील पुस्तक त्याने याच दुकानात वाचले. पुढे तो जाहीर व्याख्यानांना जाऊ लागला. टेटम नावाच्या गृहस्थांच्या व्याख्यानांची एकेक शिलिंग फी त्याचा लोहारकाम करणारा थोरला भाऊ भरी. १८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने टिपणे घेतली, ती सविस्तर लिहून काढली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हातांनी त्यांचे पुस्तक बांधले आणि डेव्हींकडे पाठवून दिले. १८१३ च्या मार्चमध्ये तो त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून रुजू झाला. व्याख्यानमालेस येणाऱ्या श्रोत्यांनी हे ध्यानात ठेवावे की, विद्युत्शास्त्राचा हा महापुरुष तिकीट मिळवून मागे बसणाऱ्या श्रोत्यांपैकीच एक होता, आणि त्याने शास्त्राच्या दारावर पहिली थाप मारली ती बांधणीकाराच्या हाताने.

परंतु सर्व उमेदवार फॅरडे होत नाहीत, आणि सर्व मालक रीबो नसतात. कामाचा दिवस एक तासाने कमी व्हावा म्हणून १७८६ मध्ये लंडनच्या बांधणी कामगारांनी चळवळ केली. मागणी फक्त एका तासाची होती. मालकांनी कट केल्याचा खटला भरला आणि पुढाऱ्यांना तुरुंगात धाडले. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांना १८९० पर्यंत झगडावे लागले, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या एका तासाचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढचा झगडा शिक्षणाचाच होता, असे आम्ही म्हणतो. मजुरी वाचविण्यासाठी मालक शिकाऊ मुले वाटेल तितकी भरू लागले. दहा कारागीर आणि दोन उमेदवार असतील तर ती शाळा होते. दोन कारागीर आणि दहा उमेदवार असतील तर तो स्वस्त मजुरीचा अड्डा होतो. त्यात मुलगा शिकत नाही आणि मोठा माणूस बेकार होतो. उमेदवारांच्या संख्येला मर्यादा असावी या मागणीवरून १८३९ मध्ये लंडनला मोठा संप झाला. धंद्यात येऊ पाहणाऱ्यांची वाट संघटना अडविते, असा आरोप तेव्हाही झाला. त्यात काही तथ्य नव्हते असे नाही. पण जो कारागीर उमेदवाराला हातोडा धरावयास शिकवितो, त्याचीच भाकर त्या उमेदवाराकरवी काढून घ्यावयाची असेल, तर तो कशाला शिकवील? शिकविणाऱ्याच्या पोटाला अभय असल्यावाचून कोणतीही विद्या मोकळ्या मनाने दिली जात नाही.

या कामगारांनी एक विचारवंतही दिला. टॉमस जोसेफ डनिंग (१७९९–१८७३) हे व्यवसायाने बांधणी कामगार आणि लंडनच्या संघटनेचे चिटणीस. १८५० पासून निघालेले संघटनेचे पत्रक ते चालवीत. १८६० मध्ये कामगार संघ आणि संप या विषयावर त्यांनी एक पुस्तिका लिहिली. नफा जसा वाढतो तसे भांडवलाचे धाडस कसे वाढत जाते याविषयीचा तिच्यातील एक उतारा कार्ल मार्क्स यांनी ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्या खंडात तळटिपेत घेतला आहे. तो उतारा लोक मार्क्सचा म्हणून सांगतात. दुसऱ्यांचे ग्रंथ बांधणाऱ्याचे स्वतःचे शब्दही असे बेनामी व्हावेत, हा योग विलक्षणच.

दरम्यान यंत्र आले होते. १८२० नंतरच्या दशकात कातड्याऐवजी कापडाची बांधणी सुरू झाली. पुठ्ठ्याचे कवच वेगळे तयार करून शिवलेल्या पानांवर नुसते चिकटविण्याची पद्धत आली. १८२७ च्या सुमारास ताव दाबून सपाट करणारे रूळ आले आणि हातोडा ठोकणाऱ्यांचे काम गेले. शतकाच्या उत्तरार्धात घडी घालणारी व शिवणारी यंत्रेही आली. या यंत्रांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्यामुळे पुस्तक स्वस्त झाले आणि ते कामगाराच्या घरी जाऊ शकले. आमचे स्वतःचे शिक्षण शाळेत फार झाले नाही. जे झाले ते अशाच स्वस्त पुस्तकांवर. परंतु यंत्राने कामाचे तुकडे केले. एकाने जन्मभर घड्या घालाव्या, दुसऱ्याने जन्मभर कापड चिकटवावे, असे झाल्यावर आरंभापासून अखेरपर्यंत सबंध पुस्तक बांधू शकणारा माणूस दुर्मिळ होऊ लागला.

आणि येथे आमच्याच चळवळीला एक कडू गोष्ट ऐकविली पाहिजे. घडी आणि शिवण ही कामे पूर्वीपासून स्त्रिया करीत. पुस्तक ज्या दोऱ्यावर उभे राहते तो दोरा स्त्रीच्या हातचा असे. १८४९ मध्ये स्वस्त बायबलांच्या कामात स्त्रियांची मजुरी फारच खाली आणली गेली, तेव्हा पुरुषांच्या संघटनेने त्यांची बाजू घेऊन बायबल सोसायटीला उद्देशून जाहीर आवाहन छापले, हे तिला भूषणावह आहे. परंतु त्याच संघटनेने स्त्रियांना सभासद करून घेतले नाही, आणि कातड्याचे व सोन्याचे काम पुरुषांनी आपल्याकडेच ठेवले. अखेर १८७४ मध्ये एमा पॅटर्सन यांच्या पुढाकाराने बांधणीकाम करणाऱ्या स्त्रियांची वेगळी संघटना लंडनमध्ये स्थापन झाली. पुढील वर्षी ब्रिटिश कामगार संघांच्या परिषदेत ज्या पहिल्या स्त्री-प्रतिनिधी बसल्या त्यांत एमाबाई होत्या. शतकाच्या शेवटी सेरा प्रिडो, कॅथरिन ॲडम्स यांच्यासारख्या स्त्रियांनी सबंध बांधणी शिकून नाव मिळविले. पण शिकण्यासाठी लागणारी सवड आणि साधने त्यांच्यापाशी होती. हजारो पुस्तके शिवणाऱ्या मजूर स्त्रीपाशी ती नव्हती. आपल्या धंद्याची विद्या निम्म्या हातांपासून राखून ठेवणारी संघटना मजुरी राखू शकेल, विद्या राखू शकत नाही.

ही विद्या सावरली गेली ती काहीशी अनपेक्षित बाजूने. टॉमस जेम्स कॉब्डन-सँडरसन हे बॅरिस्टर. चाळिशी उलटल्यावर त्यांनी वकिली सोडली आणि रॉजर द कॉव्हर्ली या धंदेवाईक बांधणीकाराकडे ते शिकू लागले. १८९३ मध्ये हॅमरस्मिथ येथे त्यांनी डव्ह्ज बाइंडरी काढली. कीर्ती त्यांची झाली. परंतु तेथे शिवण बेसी हूली करीत आणि सोन्याचे काम चार्ल्स मॅक्लीश करीत, हेही सांगितले पाहिजे. याच दुकानात डग्लस कॉकरेल हा तरुण शिकला. लंडन कौंटी कौन्सिलने १८९६ मध्ये सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्स ही शाळा काढली. विल्यम लेथबी यांच्या देखरेखीखाली चालणाऱ्या या शाळेत पुढच्याच वर्षापासून कॉकरेल बांधणी शिकवू लागले. धंद्यात राबणाऱ्या माणसांना येता यावे म्हणून तेथे संध्याकाळचे वर्ग असत. जो दिवसभर एकच तुकडा करतो त्याला रात्री सबंध पुस्तक करावयास मिळावे, एवढी साधी ही गोष्ट. पण यंत्रयुगातील शिक्षणाचे सारे मर्म तीत आहे. १९०१ मध्ये कॉकरेल यांनी बांधणी आणि पुस्तकांची निगा यांवर पाठ्यपुस्तक लिहिले. त्यात गुपित म्हणून काही राखून ठेवलेले नाही.

या शिक्षणाचे फळ काय? ब्रिटिश म्यूझियमने १९३३ मध्ये एक लाख पौंड देऊन सिनाईचे प्राचीन बायबल विकत घेतले, तेव्हा दीड हजार वर्षांहून जुनी ती चर्मपत्रे बांधण्यासाठी कॉकरेल यांच्याकडे सोपविण्यात आली. त्यांचे शिष्य व सहकारी रॉजर पॉवेल यांनी १९५३ मध्ये डब्लिनचा ‘बुक ऑफ केल्स’ हा ग्रंथ चार भागांत नव्याने बांधला. पॉवेल यांचे सहकारी पीटर वॉटर्स. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचा पूर फ्लॉरेन्स शहरात शिरला आणि तेथील राष्ट्रीय ग्रंथालयातील लक्षावधी पुस्तके चिखलात बुडाली. तेव्हा जी मंडळी धावून गेली त्यांत पॉवेल आणि वॉटर्स होते. तेथील दुरुस्तीच्या कामाची घडी वॉटर्स यांनी बसविली. द कॉव्हर्लीच्या दुकानापासून फ्लॉरेन्सच्या चिखलापर्यंत ही विद्या हातातून हातात आली आहे. मधला एक हात सुटला असता तर साखळी तुटली असती.

त्या चिखलाने आणखी एक धडा दिला. सरस न वापरता, साध्या मऊ चर्मपत्राच्या वेष्टनात शिवलेली काही जुनी पुस्तके पुरातून इतरांपेक्षा चांगली वाचली. ती राजांसाठी केलेली नव्हती. नित्याच्या वापराची स्वस्त बांधणी होती ती. कोणा अनामिकाने दोरा नीट ओढला होता, आणि तो दोरा शतकांनंतर उपयोगी पडला.

आज बाजारातील पुष्कळ पुस्तकांची पाठ कापून पाने नुसती चिकटविलेली असतात. ती दोन वाचनांत गळतात आणि आपण महागाईला शिव्या देतो. आमच्या मते उपाय फार अवघड नाही. ज्या गावात ग्रंथालय आहे तेथे बहुधा एखादा म्हातारा बाइंडर अजून असतो. ग्रंथालयांनी त्याला केवळ फाटकी पुस्तके देऊ नयेत. शिकाऊ मुले आणि मुलीही द्याव्यात, आणि शिकविण्याचे वेतन वेगळे द्यावे. त्यांना तुकडा शिकवू नये, सबंध पुस्तक शिकवावे. आणि पहिले पुस्तक बांधून झाले म्हणजे आतल्या पानावर, कोपऱ्यात का होईना, बांधणाऱ्याचे नाव लिहावे.