हुलुसी बेहचेत आणि रक्तवाहिन्यांचा दाह

तोंडातील व गुप्तांगावरील वारंवार होणारे व्रण आणि डोळ्यांचा दाह या तीन वेगळ्या तक्रारी नसून एकाच रोगाच्या खुणा आहेत, असे इस्तंबूलचे त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेत (१८८९–१९४८) यांनी १९३७ साली मांडले. पुढे रोगाला त्यांचेच नाव मिळाले.

हा रोग रक्तवाहिन्यांतही शिरतो. पायांच्या शिरांत गुठळ्या होतात. क्वचित फुप्फुसाच्या धमनीला फुगा येतो व खोकल्यातून रक्त पडते. ह्यूज व स्टोव्हिन या इंग्रज डॉक्टरांनी १९५९ साली अशाच रुग्णांचे वर्णन केले होते.

गुठळी दिसली की रक्त पातळ करणारे औषध द्यावे, हा वैद्यकातील नेहमीचा रिवाज. येथे तोच जिवावर बेतू शकतो. कारण फुगा फुटल्यास रक्तस्राव आवरत नाही. शिवाय ही गुठळी दाहामुळे झालेली असते आणि शिरेच्या भिंतीला घट्ट चिकटलेली असते. म्हणून स्टेरॉइड व सायक्लोफॉस्फामाइड देऊन आधी दाह शमवावा लागतो.

इस्तंबूलच्या डॉक्टरांनी १९९४ साली फुप्फुसातील फुग्याच्या २४ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी निम्मे दगावले होते. पुढे निदान लवकर होऊन हे उपचार वेळेवर मिळू लागले, तसे अधिक रुग्ण वाचू लागले.

विद्यार्थी मित्रांनो, लक्षणामागचे कारण ओळखणे हेच खरे वैद्यक. पालकांनीही ध्यानात ठेवावे : तोंडातील व्रण पुनःपुन्हा होत असतील आणि त्यासोबत डोळे लाल होत असतील, तर घरगुती इलाजांत वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे.