गालातली जीभ

चेहरा गंभीर ठेवून कोणी थट्टा करू लागला, तर इंग्रज म्हणतात की हा गालात जीभ घालून बोलतो आहे. मराठी माणसाला हे कळायला जड नाही. आपणही गालातल्या गालात हसतोच. मात्र १७४८ सालच्या स्मॉलेटच्या 'रॉडरिक रँडम' कादंबरीत गालात जीभ घालणे हा तिरस्काराचा हावभाव आहे. त्याची थट्टा पुढे झाली.

आमचा 'मस्करी' शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आला. शब्द बाहेरचा, पण अंगी पुरता मुरलेला. मस्करीची रीत तर घरचीच. विष्णुपुरीच्या बंधाऱ्यात अडणारी गोदावरी ज्या पैठणवरून येते, तेथे सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडे रचली. एका भारुडात सासुरवाशीण भवानीला रोडग्याचा नवस बोलते. मागणे काय? सासरा गावी गेला आहे, तो तिकडेच खपावा. सासू जावी, आणि शेवटी दादलाही जावा! शब्दशः घेतले तर ही बाई फौजदाराच्या हवाली करावी लागेल. कीर्तनकार सांगतात, हे सासर म्हणजे प्रपंच, आणि सुटका मागणारा तो जीव. अर्थ बरोबरच आहे. पण ऐकताना बायका हसतात त्या केवळ जीवासाठी नव्हे, असे आम्हांस वाटते. जे घरात उच्चारता येत नाही, ते नाथांनी त्यांना चारचौघांत हसू दिले. शिवाय नाथ कधी जोशी होतात, कधी गोंधळी. सोंग आधी दिसते, मग बोल ऐकू येतात. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले, तेव्हा तमाशाचा बाज घेतला तो उगीच नव्हे.

आम्हांला हे उशिरा उमगले. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या दारसभेत आम्ही म्हणालो, "मालक फार दयाळू, बोनस देऊन कामगारांना बिघडवीत नाहीत." कामगार पोट धरून हसले. कोपऱ्यात व्यवस्थापनाचा कारकून लिहून घेत होता. पुढे तडजोडीच्या बैठकीत तेच वाक्य वाचून दाखवण्यात आले : संघटनेचे पुढारीच मालकांना दयाळू म्हणतात! कागदावर ना आमचा गाल उमटला होता, ना कामगारांचे हसू. त्या साली बोनस मिळाला नाही, आणि घरोघर दिवाळी उसनवारीत गेली. हसणाऱ्यांपैकी कोणी आम्हांला बोल लावला नाही, हे अधिक लागले.

तेव्हापासून मालकांविषयी काही बोलायचे झाले, की आम्ही एका गड्याला पटका बांधतो, हाती पंचांग देतो आणि जोशी करून पुढे उभा करतो. कारकून लेखणी खाली ठेवून हसतात.